पॅरेंट टेबलावर बदललेले सेटिंग सगळ्या पार्टिशन्सना लागू व्हावे का?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एखाद्या मोठ्या टेबलाची पार्टिशन्स केली, म्हणजे त्याचे तुकडे पाडले, की क्वेरी लिहिणाऱ्याला ते पूर्वीसारखे एकच टेबल दिसते, पण सर्व्हरच्या लेखी ते अनेक टेबलांचे कुटुंब झालेले असते. उदाहरणासाठी वीजग्राहकांच्या मीटर रीडिंगचे टेबल घेऊ. त्याचे नाव ‘रीडिंग’, आणि तारखेनुसार दर महिन्याचे एक पार्टिशन: ‘रीडिंग_२०२५_०१’, ‘रीडिंग_२०२५_०२’ आणि पुढे तसेच. यांतल्या ‘रीडिंग’ या पॅरेंट टेबलात प्रत्यक्ष एकही ओळ साठवलेली नसते. ओळी असतात त्या महिन्यांच्या पार्टिशन्समध्ये, आणि त्यांतले प्रत्येक पार्टिशन स्वतःचा मालक, स्वतःच्या परवानग्या, स्वतःची टेबलस्पेस (डिस्कवरची जागा) आणि स्वतःची सेटिंग्ज असलेले स्वतंत्र टेबल असते. मग कोणी पॅरेंट टेबलावर ‘ऑल्टर टेबल’ ही टेबलात बदल करणारी कमांड चालवून एखादे सेटिंग बदलले, तर तो बदल खालच्या साठ-सत्तर पार्टिशन्सनाही लागू व्हावा की नाही? आज याचे उत्तर सेटिंगगणिक वेगळे आहे. काही बदल सगळीकडे पोहोचतात, काही फक्त यापुढे तयार होणाऱ्या पार्टिशन्सपुरते असतात, आणि काही पॅरेंट टेबलाशीच थांबतात. कमांड मात्र तिन्ही वेळा सारखाच यशाचा संदेश देते.

हा विस्कळीतपणा कुठून आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पोस्टग्रेसमध्ये आज आहे तशी पार्टिशनची सोय २०१७ साली आवृत्ती १० मध्ये आली. त्याआधी लोक हे काम टेबल इनहेरिटन्सच्या, म्हणजे चाइल्ड टेबलाने पॅरेंटचे कॉलम वारशाने घेण्याच्या, आधारे भागवत असत. इनहेरिटन्समध्ये चाइल्ड टेबलाला जास्तीचे कॉलम असू शकतात, पॅरेंट टेबलातही ओळी असू शकतात आणि एका चाइल्ड टेबलाला दोन पॅरेंट असू शकतात, त्यामुळे तिथे चाइल्ड टेबलाचे स्वातंत्र्य हा मूळ विचारच होता. पार्टिशनची नवी सोय याच जुन्या यंत्रणेवर उभारली गेली आणि ‘ऑल्टर टेबल’च्या अनेक उपकमांडची जुनी वागणूक तिने जशीच्या तशी उचलली. वापरणाऱ्याची अपेक्षा मात्र तोवर बदलली होती, कारण पार्टिशन केलेले टेबल त्याला एकच वस्तू वाटते, आणि एका वस्तूला दिलेला आदेश तिच्या सर्व भागांनी पाळावा ही अपेक्षा चुकीची म्हणता येत नाही.

ओळीचा आकार ठरवणाऱ्या बदलांबाबत वाद नाही. पॅरेंटला नवा कॉलम जोडला तर तो प्रत्येक पार्टिशनमध्ये असलाच पाहिजे, नाहीतर पॅरेंटवरच्या क्वेरीला अर्थच उरणार नाही. म्हणून ‘ओन्ली’ हा शब्द वापरून कोणी फक्त पॅरेंटलाच कॉलम जोडू पाहिला, तर पोस्टग्रेस ते नाकारते आणि कॉलम चाइल्ड टेबलांनाही जोडावा लागेल असे सांगते. कॉलमचा डेटा टाइप आणि चेक कन्स्ट्रेंट (कॉलममधल्या मूल्यांवरची अट) यांचेही असेच आहे. डीफॉल्ट व्हॅल्यू मात्र या नियमाच्या काठावर उभी आहे. पॅरेंटवर बदललेले डीफॉल्ट पार्टिशन्सपर्यंत पोहोचते, तरी एखाद्या पार्टिशनला वेगळे डीफॉल्ट देण्याची मुभा आहे. ओळ पॅरेंटमार्फत घातली गेली तर हे वेगळे डीफॉल्ट लागूच होत नाही, आणि पार्टिशनमध्ये थेट घातली तर होते. नवख्या माणसाला गोंधळात टाकण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

खरी अडचण सुरू होते ती ओळीच्या आकाराशी संबंध नसलेल्या सेटिंग्जपाशी, आणि त्यांतले सर्वात बोधक उदाहरण रेप्लिका आयडेंटिटीचे आहे. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर पाठवत राहण्याच्या सोयीत, एका सर्व्हरवर ओळ बदलली किंवा पुसली, की दुसऱ्या सर्व्हरवरची नेमकी तीच ओळ ओळखण्यासाठी जुन्या ओळीची काहीतरी खूण पाठवावी लागते. ती खूण कोणती असावी हे रेप्लिका आयडेंटिटी ठरवते. काही सांगितले नसेल तर प्रायमरी की वापरली जाते, एखादा ठरावीक युनिक इंडेक्स सांगता येतो, किंवा ‘फुल’ म्हणून संपूर्ण जुनी ओळच पाठवण्याची सूचना देता येते. आता आपल्या ‘रीडिंग’ टेबलाला प्रायमरी की नाही असे धरू. यंत्राकडून येणाऱ्या नोंदींच्या टेबलांत हे सर्रास आढळते. डीबीए, म्हणजे डेटाबेसचा व्यवस्थापक, पॅरेंट टेबल रेप्लिकेशनसाठी प्रकाशित करतो आणि पॅरेंटवर रेप्लिका आयडेंटिटी ‘फुल’ करतो. कमांड यशस्वी होते, पॅरेंटच्या नोंदीत ‘फुल’ दिसते, पण पार्टिशन्सना ती पोहोचत नाही. ही गोष्ट लक्षात आल्यावर तो अस्तित्वात असलेल्या प्रत्येक पार्टिशनवर तीच कमांड स्वतंत्रपणे चालवतो, आणि सगळे सुरळीत सुरू होते.

महिना बदलतो. नवे पार्टिशन रात्रीच्या स्क्रिप्टने आधीच तयार करून ठेवलेले असते. नवी रीडिंग्ज त्यात बिनबोभाट जमा होऊ लागतात, कारण नवी ओळ घालताना जुन्या ओळीची खूण लागतच नाही. मग दुपारी कोणी ग्राहकाच्या तक्रारीवरून याच महिन्याचे चुकलेले रीडिंग दुरुस्त करायला जातो आणि अपडेट अडते. या टेबलाला रेप्लिका आयडेंटिटी नाही आणि त्याचे बदल तर प्रकाशित होत आहेत, म्हणून अपडेट करता येत नाही, असा त्या एररचा आशय असतो, आणि त्यात नाव असते ते नव्या महिन्याच्या पार्टिशनचे. मागच्या महिन्याच्या ओळी त्याच वेळी विनातक्रार बदलता येत असतात. पॅरेंटवर ‘फुल’ लिहिलेले स्पष्ट दिसत असताना ही एरर का यावी, हे पार्टिशनची आतली रचना ठाऊक नसलेल्या माणसाला कळणे कठीण आहे. कारण एवढेच, की तपासणी प्रत्यक्ष ओळ ज्या पार्टिशनमध्ये आहे तिथे होते, वॉलमध्ये (बदल आधी जिथे नोंदले जातात त्या लॉगमध्ये) जुनी ओळ किती लिहायची हेही तेच पार्टिशन ठरवते, आणि पॅरेंटवरचे सेटिंग या दोन्ही वेळी कोणी विचारात घेत नाही.

मालकीची गोष्ट वेगळी, पण त्याच वळणाची आहे. प्रकल्प एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे गेला, म्हणून पॅरेंट टेबलाचा मालक बदलून नव्या रोलला (डेटाबेसमधल्या वापरकर्त्याच्या खात्याला) मालक केले, तरी पार्टिशन्सचा मालक जुनाच राहतो. रोजच्या वाचण्या-लिहिण्यात हे उघडकीस येत नाही. काही महिन्यांनी नवा मालक एक साधा कॉलम जोडायला जातो, आणि तो आदेश पार्टिशन्सपर्यंत उतरत असल्यामुळे तुम्ही अमुक पार्टिशनचे मालक नाही असे सांगून सर्व्हर त्याला परत पाठवतो. एकाच टेबलावरच्या दोन आदेशांपैकी एक खाली उतरतो आणि दुसरा उतरत नाही, याची किंमत अशी तिसऱ्याच ठिकाणी मोजावी लागते. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात हे लपवलेले नाही. मालकी, टेबलस्पेस आणि क्लस्टर (ओळी कोणत्या इंडेक्सच्या क्रमाने लावायच्या ते ठरवणे) या कृती कधीच चाइल्ड टेबलांपर्यंत जात नाहीत असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. पण ‘ऑल्टर टेबल’चे पान लांबलचक आहे आणि ते वाक्य माणसाला बहुधा अडचण आल्यावरच सापडते.

मग सगळेच आदेश खाली उतरू द्यावेत, असे म्हणावेसे वाटते. टेबलस्पेसचे उदाहरण घेतले की हा उत्साह मावळतो. टेबलस्पेस म्हणजे टेबलाच्या फाइली डिस्कवर कोणत्या जागी राहतील ते ठिकाण. समजा, डीबीएने वेगवान डिस्क घेतली आणि यापुढची पार्टिशन्स तिथे तयार व्हावीत म्हणून पॅरेंटची टेबलस्पेस बदलली. हा आदेश जर सर्व पार्टिशन्सना लागू झाला, तर सर्व्हर गेल्या कित्येक वर्षांची रीडिंग्ज एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उचलून नेऊ लागेल, तोवर त्या पार्टिशन्सवर कडक लॉक (इतरांना थोपवणारे कुलूप) राहील, आणि नवी महागडी डिस्क कोणी न वाचणाऱ्या जुन्या नोंदींनी भरून जाईल. पार्टिशन करण्याचा एक मुख्य हेतूच असा असतो, की जुना डेटा स्वस्त जागी आणि ताजा डेटा वेगवान जागी ठेवता यावा. म्हणून इथे पोस्टग्रेसने घेतलेला निर्णय मला बरोबर वाटतो: पॅरेंटची टेबलस्पेस बदलली तर एकही फाइल हलत नाही, मात्र त्यानंतर त्या पॅरेंटखाली तयार केलेले पार्टिशन, वेगळे काही सांगितले नसल्यास, नव्या जागी जाते. आवृत्ती १७ पासून टेबलाच्या, ओळी कशा साठवायच्या ते ठरवणाऱ्या, अ‍ॅक्सेस मेथडलाही हीच रीत लागू झाली. पॅरेंट इथे नमुन्याचे काम करतो. फिलफॅक्टर किंवा ऑटोव्हॅक्युमच्या मर्यादा यांसारखी साठवणुकीची सेटिंग्ज तर पोस्टग्रेस पॅरेंटवर स्वीकारतच नाही आणि ती खालच्या पार्टिशन्सवर द्या असे नव्या आवृत्त्यांत सरळ सांगते, जे कठोर असले तरी प्रामाणिक आहे.

इथपर्यंत आल्यावर दिसते, की ‘सर्व पार्टिशन्सना’ या शब्दांत तीन वेगवेगळे गट दडलेले आहेत आणि बहुतेक वाद त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. पहिला गट आत्ता अस्तित्वात असलेल्या पार्टिशन्सचा, दुसरा यापुढे पॅरेंटखाली नव्याने तयार होणाऱ्यांचा, आणि तिसरा आधी स्वतंत्र टेबल म्हणून तयार होऊन, डेटा भरून, मग ‘अटॅच पार्टिशन’ने कुटुंबात येणाऱ्यांचा. इंडेक्सच्या बाबतीत पोस्टग्रेस आवृत्ती ११ पासून तिन्ही गटांची नीट काळजी घेते. पॅरेंटवर इंडेक्स केला की असलेल्या पार्टिशन्सवर तो तयार होतो, नव्या पार्टिशनला आपोआप मिळतो, आणि जोडल्या जाणाऱ्या टेबलावर तसाच इंडेक्स आधीपासून असेल तर तो वापरला जातो, नसेल तर नवा बनवला जातो. चेक कन्स्ट्रेंटच्या बाबतीत तिसऱ्या गटाला दाराशीच अडवले जाते, कारण पॅरेंटवरचे कन्स्ट्रेंट आधीच नसलेले टेबल जोडूच दिले जात नाही. टेबलस्पेस फक्त दुसऱ्या गटाला लागू होते. रेप्लिका आयडेंटिटी आणि मालकी यांच्या बाबतीत मात्र पॅरेंटचा निर्णय तिन्ही गटांपैकी कोणालाच आपोआप मिळत नाही. नव्या पार्टिशनचा मालक तो तयार करणारा रोल असतो, पॅरेंटचा मालक नव्हे. सेटिंग कोणतेही असो, ते खाली उतरवायचे की नाही हा निर्णय या तिन्ही गटांसाठी वेगवेगळा लिहून काढल्याशिवाय पुरा होत नाही, आणि केवळ पहिल्या गटापुरता तो सोडवला तर मघाशी पाहिलेली महिनाबदलाची एरर तशीच येत राहते.

इतर डेटाबेस याच प्रश्नाला कसे सामोरे जातात, हे पाहण्यासारखे आहे. मायएसक्यूएलमध्ये पार्टिशन हे वेगळे टेबल नसतेच, त्यामुळे त्याला वेगळा मालक किंवा वेगळ्या परवानग्या असण्याचा प्रश्न येत नाही आणि सर्व पार्टिशन्सचे स्टोरेज इंजिनही एकच असावे लागते. ओरॅकलने मला जास्त विचारपूर्वक वाटणारी वाट धरली आहे. तिथे यापुढच्या पार्टिशन्ससाठी साठवणुकीचे गुणधर्म बदलायचे असतील तर ‘मॉडिफाय डीफॉल्ट अ‍ॅट्रिब्यूट्स’ अशी वेगळी कमांड आहे, आणि असलेले पार्टिशन हलवायचे असेल तर ‘मूव्ह पार्टिशन’ ही वेगळी. पहिला आणि दुसरा गट यांच्यातला फरक तिथे कमांडच्या शब्दांतच उमटलेला आहे, म्हणून ती वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘ओन्ली’ हा शब्द आहे खरा, पण तो आदेश खाली उतरू नये एवढेच सांगू शकतो, आणि जे आदेश मुळातच उतरत नाहीत तिथे तो लिहिला काय आणि न लिहिला काय, परिणाम सारखाच होतो.

आता रेप्लिका आयडेंटिटीचा आदेश खाली उतरावा का? माझ्या मते उतरावा. या सेटिंगला पॅरेंटवर स्वतःचा असा फारसा उपयोग नाही, ते बदलल्याने डेटा हलत नाही, केवळ कॅटलॉगमधली, म्हणजे डेटाबेसच्या अंतर्गत यादीतली, नोंद बदलते, आणि पॅरेंटवर ते देणाऱ्या माणसाला पार्टिशन्सनाच ते लागू व्हावे असे वाटत असण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के आहे. तरीही हे काम वाटते तितके सरळ नाही. खूण म्हणून ठरावीक इंडेक्स निवडला असेल, तर पॅरेंटवरच्या इंडेक्सचे नाव पार्टिशनवर चालत नाही. प्रत्येक पार्टिशनवर त्याचा जोडीदार इंडेक्स वेगळ्या नावाने असतो आणि सर्व्हरला तो शोधावा लागतो. एखादे पार्टिशन फॉरेन टेबल असेल, म्हणजे त्याचा डेटा दुसऱ्याच सर्व्हरवर असेल, तर तिथे रेप्लिका आयडेंटिटी ही संकल्पनाच लागू होत नाही. अशा वेळी संपूर्ण आदेश नाकारावा की ते पार्टिशन वगळून पुढे जावे, हे ठरवावे लागते, आणि गुपचूप वगळण्यापेक्षा निदान सूचना छापून वगळणे बरे. शिवाय कोणीतरी मुद्दाम एका पार्टिशनला वेगळी आयडेंटिटी दिलेली असू शकते. पॅरेंटवरचा नवा आदेश ती पुसून टाकणार, म्हणून ‘ओन्ली’ची पळवाट हवीच.

लॉकचा मुद्दा तर सर्वच खाली उतरणाऱ्या आदेशांना लागू आहे आणि तो हलका समजू नये. ‘ऑल्टर टेबल’चे बहुतेक प्रकार टेबलावर सर्वात कडक लॉक घेतात, ज्याच्यापुढे साधे सिलेक्टही थांबते. एका टेबलावर हे लॉक क्षणभर घेणे वेगळे आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पाचशे पार्टिशन्सवर घेणे वेगळे. यांतल्या एका पार्टिशनवर कोणाचा तासभर चालणारा अहवाल सुरू असेल, तर आदेश तिथे रांगेत उभा राहतो, त्याच्यामागे त्या पार्टिशनकडे येणाऱ्या सगळ्या क्वेरी उभ्या राहतात, आणि आधी मिळवलेली लॉक तोवर सुटत नाहीत. पार्टिशन्स हजारांत असतील तर लॉकसाठी राखलेली सामायिक मेमरीच अपुरी पडू शकते, कारण दर ट्रान्झॅक्शनमागे सरासरी किती लॉक धरायची ही मर्यादा मुळात ६४ एवढीच ठेवलेली असते. आज निमिषात संपणारी मालकी बदलण्याची कमांड उद्याच्या आवृत्तीत सर्व पार्टिशन्सवर उतरू लागली, तर वर्षानुवर्षे बिनधोक चाललेली स्क्रिप्ट एखाद्या सकाळी सगळे कामकाज थांबवून बसेल. जुनी वागणूक बदलायला पोस्टग्रेसचे विकासक इतके का कचरतात, ते यावरून समजते.

पण बदलायचे नसेल तरी निदान बोलावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. अनलॉग्ड टेबलांच्या बाबतीत नेमके हेच झाले. अनलॉग्ड टेबलाचे बदल वॉलमध्ये लिहिले जात नाहीत, त्यामुळे ते वेगवान असते, पण सर्व्हर कोसळला तर रिकामे होते. आवृत्ती १७ पर्यंत पार्टिशन केलेले टेबल अनलॉग्ड म्हणून तयार करता येत असे, पण ते अनलॉग्डपण पार्टिशन्सपर्यंत जात नसे; आणि नंतर ‘ऑल्टर टेबल’ने पॅरेंटवर लॉग्ड किंवा अनलॉग्ड करू पाहिले तर काहीच होत नसे, तक्रारही येत नसे. २०२५ सालच्या आवृत्ती १८ ने पार्टिशन केलेले टेबल अनलॉग्ड करायलाच मनाई केली. हा उपाय कोणाला अर्धवट वाटेल, पण आपण काहीतरी केले या भ्रमात वापरणारा राहत नाही, हे त्याचे मोल मोठे आहे.

परवानग्यांच्या बाबतीत मात्र खाली न उतरणे हेच हिताचे आहे. पॅरेंटमार्फत केलेल्या क्वेरीसाठी पॅरेंटवरचीच परवानगी आणि पॅरेंटवरच्याच रो लेव्हल सिक्युरिटीच्या पॉलिसी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) तपासल्या जातात, पार्टिशन्सच्या नव्हे. त्यामुळे वाचणाऱ्या रोलला पार्टिशन्सवर काहीही देण्याची गरज नसते आणि मागच्या दाराने कोणी आत येऊ शकत नाही. धोका उलट बाजूने येतो: कोणी सोय म्हणून स्कीमातल्या सर्व टेबलांवर सिलेक्टची परवानगी एका फटक्यात देऊन टाकतो, त्यात पार्टिशन्सही येतात, आणि पॅरेंटवर काळजीपूर्वक लिहिलेल्या पॉलिसी पार्टिशनवरच्या थेट क्वेरीला लागूच होत नाहीत. एका विभागाच्या कर्मचाऱ्याने फक्त आपल्या विभागाची रीडिंग्ज पाहावीत असा नियम असेल, तर तो ‘रीडिंग_२०२५_०१’वर थेट क्वेरी करून सगळ्यांची पाहू शकेल.

प्रत्यक्ष कामात या सगळ्यावर उपाय करायचा तो आपल्याच स्क्रिप्टमध्ये. आवृत्ती १२ पासून ‘पीजी_पार्टिशन_ट्री’ हे फंक्शन पॅरेंटखालची सगळी पार्टिशन्स आणि त्यांची पातळी सांगते. त्यावरून प्रत्येकासाठी एकेक कमांड तयार करावी आणि त्या सगळ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये न कोंबता वेगवेगळ्या चालवाव्यात, म्हणजे एका वेळी एकाच पार्टिशनवर लॉक राहते. प्रत्येकीआधी काही सेकंदांचा ‘लॉक_टाइमआउट’ ठेवावा आणि जिथे लॉक मिळाले नाही तिथे नंतर पुन्हा प्रयत्न करावा. नवे पार्टिशन तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मालक आणि रेप्लिका आयडेंटिटी यांच्या ओळी लगेच पाठोपाठ असाव्यात, आणि बाहेरून टेबल जोडायचे असेल तर त्या जोडण्याआधी चालवाव्यात. पार्टिशन्सची निगा राखणारे ‘पीजी_पार्टमॅन’ हे एक्स्टेन्शन पॅरेंटकडून आपोआप न मिळणाऱ्या काही गुणधर्मांसाठी वेगळे टेम्प्लेट टेबल बाळगते, तेही याच गरजेतून. तपासणीही अवघड नाही: ‘पीजी_क्लास’ या कॅटलॉगमध्ये प्रत्येक टेबलाची रेप्लिका आयडेंटिटी एकेका अक्षराने नोंदलेली असते, डी म्हणजे डीफॉल्ट, एफ म्हणजे फुल, आय म्हणजे इंडेक्स आणि एन म्हणजे काहीच नाही. पॅरेंटच्या अक्षराशी आणि मालकाशी न जुळणारी पार्टिशन्स शोधणारी चार ओळींची क्वेरी महिना उलटण्याच्या दोन दिवस आधी आपोआप चालेल अशी लावून ठेवली, तर पुढच्या महिन्याचे पार्टिशन त्यात राहिले असल्यास ते पहिली ओळ जमा होण्यापूर्वीच सापडते, आणि तेव्हा त्यावर लॉक घ्यायला कोणाची अडचणही होत नाही.